नागासाकी

जपानच्या क्यूशू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील बंदर व याच नावाच्या प्रांताचे मुख्यालय. लोकसंख्या सुमारे ४ लक्ष ९ हजार (२०२०). खोल, चिंचोळी खाडी आणि भोवती डोंगर, त्यामुळे घरे उतारावर चढत गेलेली आहेत.

१५७१ मध्ये पोर्तुगीज व्यापारासाठी बंदर खुले झाले. ओमुरा सुमितादा या ख्रिस्ती सरदाराने १५८० मध्ये ते जेझुइटांच्या हवाली केले. पुढे जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने ते काढून घेतले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस ख्रिस्ती लोकांना क्रूसावर चढवण्यात आले. त्यांत वसईत जन्मलेले फ्रान्सिस्कन धर्मबंधू गोन्सालो गार्सिया होते. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. वसईतील एका महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. टेकडीवरील स्मारक १९६२ चे.

ख्रिस्ती धर्मावर १६१४ मध्ये देशभर बंदी आली आणि त्यानंतरच्या दशकांत येथील चिनी मंदिरे उभी राहिली. आपण ख्रिस्ती नाही हे चिनी व्यापाऱ्यांना दाखवायचे होते, शिवाय समुद्रप्रवास सुखरूप पार पाडणाऱ्या मासो देवीला ठिकाणही हवे होते. जहाज बंदरात असेपर्यंत त्यावरील देवीची मूर्ती मिरवत मंदिरात आणून ठेवत आणि निघताना परत नेत. प्रत्येक प्रदेशाच्या लोकांचे मंदिर वेगळे: यांगत्सेच्या मुखाकडील लोकांचे कोफुकुजी, दक्षिण फूजियानच्या लोकांचे फुकुसाईजी (१६२८), फूचौकरांचे सोफुकुजी (१६२९).

सोफुकुजीचे मुख्य सभागृह (१६४६) आणि आतला दरवाजा या दोन्ही वास्तू ‘राष्ट्रीय ठेवा’ आहेत. दरवाज्याचे लाकूड चीनमध्येच तासून, जहाजाने आणून येथे जोडले. १६८२ च्या सुमाराच्या दुष्काळात भुकेल्यांसाठी पेज शिजवण्याकरिता ओतलेली प्रचंड लोखंडी कढई अंगणात ठेवलेली आहे. कोफुकुजीत १६५४ मध्ये आलेल्या इंगेन या चिनी भिक्षूपासून जपानमध्ये झेन बौद्धांचा ओबाकू पंथ सुरू झाला. याच मंदिराच्या आधीच्या प्रमुखाने नदीवर दुहेरी कमानीचा दगडी पूल बांधवला (१६३४). पाण्यातल्या प्रतिबिंबासह तो चष्म्यासारखा दिसतो, म्हणून मेगानेबाशी (चष्मा-पूल). १९८२ च्या महापुरात ढासळल्यावर तो पुन्हा उभारला.

फुकुसाईजी ९ ऑगस्ट १९४५ च्या अणुबाँबनंतरच्या आगीत भस्मसात झाले. १९७९ मध्ये त्याच जागी कासवाच्या आकाराची इमारत आणि तिच्यावर करुणेची देवता कान्नोन हिची १८ मी. उंच मूर्ती उभी राहिली. मूळ मंदिराच्या चाहत्यांना ती रुचणे कठीण. सान्नो देवस्थानाच्या दगडी तोरणाचा त्या स्फोटानंतर एकच खांब उरला, तो आजही तसाच आहे.

सुवा हे शिंतो देवस्थान ‘कुंची’ उत्सवासाठी (७–९ ऑक्टोबर) प्रसिद्ध आहे. त्यातला नागनृत्याचा खेळ चिन्यांकडून आला.

इतर प्रेक्षणीय स्थळे : १६४१ पासून डच व्यापाऱ्यांना जेथे कोंडून ठेवले ते देजिमा हे पंख्याच्या आकाराचे कृत्रिम बेट; ओउरा चर्च, जेथे १८६५ मध्ये गुप्तपणे धर्म पाळणारे ख्रिस्ती प्रथम उघडपणे पुढे आले (जागतिक वारसा, २०१८); ग्लोव्हर बंगला (१८६३); शांतता उद्यान; ३३३ मी. उंचीचा इनासा डोंगर. दाट ओसाड इमारतींचे हाशिमा बेट, जेथील कोळसाखाण १९७४ मध्ये बंद झाली.

जहाजबांधणी हा मुख्य उद्योग. मासेमारीही चालते.

शहरात १९१५ पासून ट्राम आहे. शिंकानसेन ही अतिजलद रेल्वे २०२२ मध्ये सुरू झाली. फुकुओकाहून येताना ताकेओ-ओन्सेन येथे गाडी बदलावी लागते.