सूत्रधार कधी वेडा झाला?

डोंबिवलीहून सुटलेली सकाळची जलद लोकल. आत शिरलेला माणूस बसलेल्याकडे बघून भुवई उडवतो आणि एकच शब्द टाकतो, "कुठे?" उत्तरही एका शब्दाचं अपेक्षित असतं. ठाणे, घाटकोपर, दादर. हा सीटचा सौदा आहे, त्यात गप्पांना जागा नाही. पण डब्यात रोजचा ग्रुप असला आणि विचारणारा नवखा असला की मग असं होतं:

"दादा, कुठे उतरणार?"

"फलाटावर."

"अहो, कुठल्या?"

"ज्या बाजूला येईल त्या."

"स्टेशन विचारतोय मी."

"तुम्हाला कुठलं आवडेल?"

डबा हसतो. विचारणारा ओशाळतो, पुढच्या माणसाकडे वळतो. एवढ्या सहा ओळींत विनोदाचं एक फार जुनं यंत्र फिरून गेलेलं असतं. एक जण सरळ विचारतो, दुसरा ऐकून न ऐकल्यासारखं करतो, आणि तिसरा, म्हणजे आपण, हसतो. त्या यंत्राचा माग काढायचा तर ठाण्याच्या पलीकडे, बरंच लांब जावं लागतं. सुरुवात मात्र अगदी अलीकडच्या आणि अगदी परक्या ठिकाणापासून करतो.

१९९४ साली अमेरिकेत कार्टून नेटवर्कवर 'स्पेस घोस्ट कोस्ट टू कोस्ट' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. १९६६ सालच्या एका अंतराळवीराच्या कार्टूनमधली जुनी चित्रं उचलून त्यालाच रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाचा यजमान केलं होतं. त्याचे पूर्वीचे शत्रू आता त्याचे कैदी. कीटकासारखा दिसणारा झोरॅक वाद्यवृंद सांभाळायचा आणि चिलखतातला मोल्टार दिग्दर्शन करायचा. पाहुणे मात्र खरेखुरे, हाडामांसाचे. ते पडद्यावर दिसायचे. त्यांची उत्तरं आधी चित्रित केलेली असायची आणि प्रश्न पुष्कळदा नंतर बदललेले. त्यामुळे पाहुणा मनापासून काहीतरी सांगतोय आणि यजमान भलत्याच विषयावर मान हलवतोय, असा प्रकार. यजमानाला पाहुणा कोण हे धड माहीत नसायचं. साथीदार त्याचा राग राग करायचे. मध्येच कुणीतरी यायचं, काहीतरी फुटायचं, मुलाखत तिथेच सोडून दिली जायची. हे सगळं भागामागून भाग. पैसा कमी होता म्हणून जुनी चित्रं वापरली. जुन्या चित्रांचे हातवारे मोजकेच म्हणून तेच तेच हावभाव पुन्हा पुन्हा. आणि त्या पुनरावृत्तीतूनच विनोद तयार झाला.

आता हेच तीन जण एका जुन्या पोथीत बघा. भरताच्या नाट्यशास्त्राच्या पाचव्या अध्यायात पूर्वरंगाचं वर्णन आहे, म्हणजे नाटक सुरू होण्याआधी करायच्या गोष्टींचं. त्यात 'त्रिगत' नावाचं एक अंग आहे. सूत्रधार, त्याचा साथीदार पारिपार्श्विक आणि विदूषक हे तिघे रंगमंचावर बोलतात. विदूषकाचं काम काय? असंबद्ध बोलायचं आणि सूत्रधाराला हसायला लावायचं. यजमान, मदतनीस आणि वाह्यात बोलणारा तिसरा. अमेरिकेतल्या त्या मंडळींनी नाट्यशास्त्र वाचलं होतं असं मी म्हणत नाही. ज्याला बोलणं पुढे न्यायचंय तो, आणि ज्याला ते मोडायचंय तो, एवढे दोघे समोरासमोर आले की तिसरा आपोआप लागतो, एवढंच.

मराठीत ही व्यवस्था पहिल्यांदा ठसठशीत दिसते ती सांगलीत. ५ नोव्हेंबर १८४३ला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. भाव्यांच्या नाटकाची रचना आजच्या डोळ्यांनी बघितली तर गंमत वाटते. सूत्रधार सुरुवातीपासून मंचावर असायचा आणि पदं गाऊन कथा पुढे न्यायचा. मंगलाचरण झालं की विदूषक उड्या मारत यायचा आणि त्याची सूत्रधाराशी प्रश्नोत्तरं व्हायची. मग गणपती येणार, आशीर्वाद देऊन जाणार. मग मोरावर सरस्वती येणार, नाचून जाणार. यजमान जागचा हलत नाही, पाहुणे एकेक करून येतात आणि जातात. फक्त सोफा नव्हता.

कोकणातल्या दशावतारात याच जागी संकासुर आहे. मुख्य आख्यानाआधीच्या आडदशावतारात काळ्या वेषातला संकासुर येतो. वेद पळवणारा राक्षस तो, पण प्रेक्षकांसाठी गावातला सर्वांत चावट माणूस. सूत्रधार त्याला शुद्ध भाषेत काही विचारतो आणि तो मालवणीत भलतंच ऐकतो. गावच्या सरपंचापासून मुंबईच्या चाकरमान्यापर्यंत कुणीही त्याच्या तावडीतून सुटत नाही. शेवटी विष्णू येऊन त्याला मारणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्याला पण. म्हणून तर त्याची जीभ एवढी सैल.

तमाशाने या यंत्राला जी धार लावली ती दुसऱ्या कुणी लावली नाही. गण, गौळण, बतावणी, वग हा तमाशाचा क्रम. गौळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण अडवतो, दाण मागतो, आणि गवळणींच्या पुढे उभी असते मावशी. मावशीचं सोंग पुरुषाचं, पदर कंबरेला खोचलेला. साक्षात देव समोर उभा आहे आणि मावशी त्याला ओळखत नाही. नाव काय, गाव काय, बाप काय करतो, इथे कुणी उभं केलं? देवाची उलटतपासणी. पाहुणा जितका मोठा तितकं त्याला न ओळखण्यात अधिक गंमत, हा नियम अंतराळवीराच्या कार्टूनमध्ये आहे तसाच आहे. फरक एवढाच की तिथे न ओळखणारा खरोखर मठ्ठ आहे. मावशी मठ्ठ नाही. तिला सगळं कळतंय, ती कळू देत नाहीय.

आणि बतावणी. वगाची तयारी होईपर्यंत दोन माणसांनी प्रेक्षक धरून ठेवायचा. हातात कथा नाही, नेपथ्य नाही, फक्त तोंड. एक जण शहाणपणाने विचारणार, सोंगाड्या शब्दाचा सोयीचा अर्थ घेणार. "कुठून आलास?" याचं उत्तर "घरातून"; "घर कुठं?" याचं "शेजाऱ्याच्या शेजारी". लोकलमधली ती सहा वाक्यं बतावणीचीच आहेत, फक्त ढोलकी नाही. टंचाईतून विनोद निघतो ही गोष्टही इथे तशीच. कार्टूनवाल्यांकडे पैसे नव्हते, बतावणीवाल्यांकडे कथा नव्हती.

वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' १९६५च्या सुमारास दादा कोंडके यांच्यासह रंगमंचावर आलं आणि बतावणी पांढरपेशा प्रेक्षकाच्या घरात शिरली. लेखकाने संहिता लिहिली होती, पण दादा त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातलं राजकारण त्यात घालायचे. कालचा प्रयोग आज मिळायचा नाही. मला हा या कहाणीतला महत्त्वाचा भाग वाटतो, कारण पुढच्या दूरचित्रवाणीला नेमकं तेच हवं होतं.

मधल्या दोन थांब्यांचा उल्लेख करून पुढे जातो. पहिला रेडिओ. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर 'पुन्हा प्रपंच' लागायचं. बाळ कुडतरकरांचे प्रभाकरपंत आणि नीलम प्रभूंच्या मीनावहिनी घरगुती बोलत असायचे, आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी येऊन बोलण्याला फाटा फोडायचे. पुन्हा तिघे. दुसरा थांबा शब्दभ्रमाचा. य. के. पाध्ये यांनी अर्धवटराव नावाचा बाहुला आणला आणि पुढे रामदास पाध्ये यांनी त्याला अनेक वर्षं बोलता ठेवला. अर्धवटराव बोलवणाऱ्या धन्याचाच अपमान करतो. बाहुला यजमानाचा पाणउतारा करतोय आणि आपल्याला ठाऊक आहे की दोन्ही आवाज एकाच माणसाचे आहेत! निर्जीव चित्राकडून जिवंत पाहुण्याची टर उडवून घेणं हे त्या अमेरिकी कार्यक्रमाचं मोठं नावीन्य मानतात. आमच्याकडे गणपतीच्या मांडवात ते पुष्कळ आधीपासून चालू होतं.

२ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि मुलाखत नावाची एक गंभीर वस्तू घराघरांत आली. दोन खुर्च्या, मध्ये टेबल, त्यावर फुलदाणी, आणि "आपल्याकडून जाणून घ्यायला आवडेल". विडंबनाला आधी मूळ गंभीर असावं लागतं, ते आता मिळालं. त्यानंतरच्या काळात कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये शेतकऱ्याची मुलाखत, मंत्र्याची मुलाखत, नटीची मुलाखत असले प्रवेश कुणी केले नसतील असं कॉलेज सापडणार नाही. पुढे हिंदी-इंग्रजी वाहिन्यांवर सायरस साहूकारने सिमी गरेवालच्या मुलाखतींची नक्कल करत 'सेमी गिरेबाल' उभी केली, अनुराधा मेननची लोला कुट्टी मोठमोठ्या पाहुण्यांना आपल्या मल्याळी हेलात गुंडाळू लागली. मराठीला मात्र आपला अड्डा मिळायला २०१४ उजाडावं लागलं.

'चला हवा येऊ द्या' हा तसा गप्पांचाच कार्यक्रम. नवा सिनेमा घेऊन कलाकार येणार, यजमान विचारणार, जाहिरात होणार. पण तो घडायचा थुकरटवाडी नावाच्या गावात, आणि यजमान डॉ. निलेश साबळे यांच्याभोवती भाऊ कदम, सागर कारंडे, कुशल बद्रिके, भारत गणेशपुरे, श्रेया बुगडे अशी फौज असायची. मुलाखत सुरू झाली की कुणीतरी साडी नेसून यायचं, म्हणजे मावशी आलीच. कुणीतरी पाहुण्याच्याच सिनेमाचं विडंबन त्याच्या तोंडावर करायचं. आणि एवढ्या धुमाकुळात सागर कारंडे पोस्टमन होऊन अरविंद जगताप यांचं पत्र वाचायचे आणि हसणारी माणसं डोळे पुसायला लागायची. हे मिश्रण अमेरिकी विडंबनात कधी दिसलं नाही. ते कीर्तनातलं आहे, भारुडातलं आहे.

भाऊ कदम डोंबिवलीचे. त्यांच्या टायमिंगबद्दल सगळे बोलतात. मला त्यांचं न बोलणं अधिक आवडतं. प्रश्न आला की ते आधी प्रश्नकर्त्याकडे बघतात, मग पाहुण्याकडे, मग कुठेच नाही. या तिसऱ्या बघण्यावर हशा सुरू होतो. उत्तर त्यानंतर येतं, तेही हळू, चुकल्यासारखं. लोकलमध्ये "कुठे?" विचारल्यावर काही माणसं अशीच बघतात. खिडकीबाहेर ठाकुर्ली जातेय की कोपर, याचा अंदाज घेतल्यासारखी. या पट्ट्यातला माणूस दिवसाचे दोन-तीन तास अनोळखी लोकांच्या अंगाला अंग लावून उभा असतो. टोमणा कमी शब्दांत मारायचा, चेहरा हलवायचा नाही आणि पुढच्या स्टेशनाला उतरायचं, हे शिक्षण त्याला फुकट मिळतं. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मधली शिवाली परब 'कल्याणची चुलबुली' या नावाने ओळखली जाते. तिच्या विनोदातली घाई मला कल्याणच्या पुलावरचीच वाटते.

मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. थुकरटवाडीत निलेश साबळे शहाणेच राहिले. भोवती सगळा वेडेपणा आणि मध्ये एक शुद्धीवर असलेला माणूस, ही अगदी विष्णुदास भाव्यांची मांडणी. सूत्रधार स्वतःच वेडा होणं ही मराठीत खरोखर नवी घटना, आणि ती घडली इंटरनेटवर. २०१६ मध्ये भारतीय डिजिटल पार्टीच्या, म्हणजे भाडिपाच्या, 'कास्टिंग काउच विथ अमेय अँड निपुण'मध्ये अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी यजमान म्हणून बसले आणि पहिल्याच भागात राधिका आपटेसमोर आपल्याच भानगडीत गुंतून पडले. इथे पाहुणी शहाणी, यजमान येडे. संकासुर सूत्रधाराच्या खुर्चीत बसला आणि सूत्रधाराला पाहुणा करून समोर बसवलं. सांगलीपासून इथवर यायला पावणेदोनशे वर्षांना दोन-तीनच कमी.

माझं मत विचाराल तर मला भाऊ कदमांचं शहाण्या यजमानासमोर येणं अधिक आवडतं. यजमान वेडा झाला की पाहुण्याची फजिती होते, पण ती फजिती मान्य करायला कुणी शहाणा शिल्लक राहत नाही. बतावणीत तो असायचा. दोन पावलं मागे सरकून, "अरे, हा काय बोलतोय?" असं प्रेक्षकांना विचारणारा.

ठाण्याच्या नाट्यगृहाला राम गणेश गडकऱ्यांचं नाव आहे. 'प्रेमसंन्यास'मधला विसरभोळा गोकुळ त्यांचा. कल्याणच्या रंगमंदिराला आचार्य अत्र्यांचं, म्हणजे 'झेंडूची फुले' लिहून मराठी कवितेची सणसणीत विडंबनं करणाऱ्याचं. गडकरी आणि अत्रे छापलेले आहेत म्हणून हाताशी आहेत. बतावणी फारशी छापली गेली नाही. चाळींच्या गणेशोत्सवातले, बँकांच्या संमेलनांतले, कॉलेजांच्या गॅदरिंगमधले मुलाखतीचे प्रवेश तर हस्तलिखितातच राहिले. कुठे पाठकोऱ्या कागदांवर, कुठे रजिस्टरच्या मागच्या पानांवर. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून. डोंबिवली, कल्याण, ठाण्यात घर बदलताना माळ्यावर तुमच्या वडिलांची, काकांची असली एखादी वही सापडली, तर रद्दीत घालण्याआधी या दोनपैकी एका ठिकाणी घेऊन जा आणि ठेवून घ्याल का, एवढं विचारून बघा.