एका पक्षाचें संयुक्त मंत्रिमंडळ

जर्मनींतील प्रशिया राज्याचा कारभार १९२० ते १९३२ या काळांत बहुतांशीं ओटो ब्राउन यांच्या संयुक्त मंत्रिमंडळांनीं चालविला. समाजवादी, कॅथोलिक मध्यपक्ष आणि लोकशाहीवादी हे त्याचे मुख्य घटक होते. बहुमत गमावूनहि अधिकारावर राहिलेलें हें मंत्रिमंडळ २० जुलै १९३२ रोजीं चॅन्सेलर पापेन यांनीं दूर केलें. त्यानंतर बरोबर सहा वर्षांनीं, २० जुलै १९३८ रोजीं, मध्यप्रांत-वऱ्हाडचे मुख्य मंत्री डॉ. ना. भा. खरे यांनीं राजीनामा दिला. तारखांचा हा योग केवळ काकतालीय होय. परंतु मंत्री जबाबदार कोणाला, हा प्रश्न मात्र दोन्हीं ठिकाणीं एकच होता.

खऱ्यांचें मंत्रिमंडळ नांवानें एकाच पक्षाचें होतें. स्वभावानें तें संयुक्तच होतें. प्रांत एक असला तरी काँग्रेसच्या प्रांतिक समित्या तीन होत्या: महाकोशल, नागपूर व विदर्भ. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दु. के. मेहता हे हिंदी भागाचे. रामराव देशमुख अमरावतीचे आणि पु. बा. गोळे अकोल्याचे. निजामाच्या नांवाखालीं असलेला वऱ्हाड १९०३ सालीं मध्यप्रांतास जोडला गेला, तेव्हांपासून आपला महसूल व आपलें हित दुसऱ्याच्या हातीं जातें, ही खंत वऱ्हाडच्या मनांत होती.

मे १९३८ मध्यें वरिष्ठ नेत्यांनीं पचमढीस मंत्र्यांची समजूत घातली. ती टिकली नाहीं. जुलैंत खऱ्यांबरोबर देशमुख व गोळे यांनीं राजीनामे दिले. महाकोशलच्या तिघांनीं पार्लमेंटरी मंडळाच्या आज्ञेवांचून ते देण्याचें नाकारलें. तेव्हां गव्हर्नरांनीं त्यांस काढून टाकलें व खऱ्यांनीं नवें मंत्रिमंडळ बनविलें. तें दोन दिवसच टिकलें. २३ जुलैस खऱ्यांस राजीनामा द्यावा लागला आणि २७ जुलैस वर्ध्यास शुक्ल पक्षनेते निवडले गेले.

दोष कोणाचा? घरांतील भांडण मिटविण्यास परक्या गव्हर्नराचा हात वापरला, ही खऱ्यांची चूक खरीच. परंतु मुख्य मंत्र्यास सहकारी निवडण्याचा अधिकार नसावा, आणि त्याचें भवितव्य विधिमंडळाबाहेर ठरावें, हेंहि लोकशाहीच्या शिस्तींत बसत नाहीं. प्रशियांतील घटकपक्ष आपापल्या नांवानें मतदारांपुढें गेले होते. त्यांचे मतभेद उघड होते, म्हणून तडजोडहि उघड होती. आमच्या येथें मतभेद एका झेंड्याखालीं झांकले होते, म्हणून ते फुटले तेव्हां विश्वासघाताच्या रूपानें फुटले.

वऱ्हाडनें यांतून घेण्यासारखा धडा स्पष्ट होता: भरंवसा तोंडी नको. ८ ऑगस्ट १९४७ रोजीं झालेल्या अकोला करारांत महाविदर्भ व पश्चिम महाराष्ट्र या दोन उपप्रांतांस स्वतंत्र विधिमंडळ व मंत्रिमंडळ असावें, असें कागदावर लिहिलें गेलें. तो करार अमलांत आला नाहीं. १९५६ सालीं वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. तरी सत्तेंत वांटेकरी होणाऱ्यानें आपला वांटा आधींच उघडपणें बोलून घ्यावा, हें त्या लिखाणामागील शहाणपण जुनें झालेलें नाहीं.