तृणाची नोंद आणि तिचा वारसा

क्षुद्र वस्तूस तृणवत् लेखण्याची आपल्या भाषेची जुनी रीत आहे. परंतु एखाद्या देशांतील गवतांची मोजदाद ज्याला करावी लागली, त्याला ही उपमा फारशी रुचणार नाहीं. झाडाचें फूल दुरूनहि ओळखूं येतें. गवताचें फूल तुसांत दडलेलें असतें, आणि दोन जातींतील भेद पुष्कळदां भिंगाखालींच प्रकट होतो.

आफ्रिकेंतील अंगोला देशाचें उदाहरण घ्या. १८०६ सालीं ऑस्ट्रियांत जन्मलेला फ्रीड्रिख वेल्विच हा वनस्पतिशास्त्रज्ञ पोर्तुगीज सरकारच्या वतीनें १८५३ सालीं तेथें गेला. लुआंडाच्या किनाऱ्यापासून गोलुंगो आल्तोच्या अरण्यापर्यंत व पुढें दक्षिणेस उइलाच्या पठारापर्यंत तो सुमारें सात वर्षें हिंडला. ज्वरानें व पायांवरील क्षतांनीं तो जर्जर झाला. तरीहि सुमारें पांच हजार जातींचे नमुने त्यानें जमविले. १८५९ त वाळवंटांत सांपडलेल्या एका विलक्षण वनस्पतीस त्याचें नांव मिळालें व त्याची कीर्ति झाली. त्याच्या गठ्ठ्यांतील गवतांस मात्र बराच काळ वाट पाहावी लागली.

१८७२ त तो लंडनमध्यें वारला. उत्तम नमुन्यांचा संच ब्रिटिश म्युझियमनें विकत घ्यावा, अशी त्याच्या मृत्युपत्रांत योजना होती. हा प्रवास आपल्या खर्चानें झाला, म्हणून संग्रह आपला, असा पोर्तुगालचा दावा होता. वाद न्यायालयांत गेला व १८७५ त तडजोड झाली: मुख्य संच लिस्बनला, त्याखालोखालचा लंडनला, आणि त्यासोबत वेल्विचच्या टिपणांची नक्कल. ही नक्कलेची अट मर्माची आहे. स्थळ, काळ व जमीन यांची चिठ्ठी सोबत नसेल, तर वाळलेलें गवत ही केवळ वैरणच होय.

त्याच संचावरून आल्फ्रेड बार्टन रेंडल यानें १८९९ सालीं अंगोलाच्या गवतांचें वर्णन छापलें. संग्राहकाच्या मृत्यूस तेव्हां सत्तावीस वर्षें लोटलीं होतीं. त्यांतील कित्येक जाती शास्त्रास सर्वस्वीं नव्या होत्या. शास्त्रास नव्या म्हणजे जगास नव्या नव्हेत. कोणत्या माळावर गुरें तृप्त होतात, हें उइलाच्या गुराख्यांना कोणत्याहि ग्रंथाआधीं ठाऊक होतें. दावा दोन युरोपीय पक्षांत चालला. ज्या भूमीचें तें गवत, तिच्या वतीनें तेथें कोणीच उभें नव्हतें.

त्या तडजोडीनंतर बरोबर शंभर वर्षांनीं, १९७५ सालीं, अंगोला स्वतंत्र झाला. परंतु पाठोपाठ आलेलें यादवी युद्ध २००२ पर्यंत चाललें. देशांतील वनस्पतींची एकत्र सूची २००८ सालीं प्रसिद्ध झाली, तेव्हां तिच्या पायांत वेल्विचच्या चिठ्ठ्या होत्याच. मालकीचा वाद मिटला, पक्षकार गेले. आजारी माणसानें मुक्कामोमुक्कामीं लिहिलेल्या नोंदी उरल्या. त्या ज्या देशाच्या आहेत, तेथील विद्यार्थ्याच्या हातीं त्या सहज पडाव्यात, एवढेंच त्या जुन्या निवाड्यांत राहून गेलेलें कलम आहे.