सरकारी अहवालावर खळ

साल 1880. फिलाडेल्फियातल्या एका घरात जेवणाच्या टेबलाशी तुम्ही बसला आहात. रॉकेलचा दिवा पेटलाय, वाटीतली मैद्याची खळ अजून कोमट आहे. पुढ्यात पेटंट कार्यालयाचा जाडजूड जुना अहवाल. कुणा लोकप्रतिनिधीने मतदारांना फुकट वाटलेला, घरात कुणीही न वाचलेला. पण बांधणी भक्कम, म्हणून हीच आता तुमची कात्रणवही. मधलीमधली पानं तुम्ही कापून काढता, म्हणजे कात्रणं चिकटवल्यावर वही फुगणार नाही. मग नांगराच्या आकृतीवर वर्तमानपत्रातली कविता बसते, आकड्यांच्या तक्त्यावर केकची कृती. सरकारी कागदाचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

त्रास खळीचा. जरा जास्त लागली की पान सुरकुततं, आणि नेमकी घाईच्या वेळी ती वाळून बसते. त्यावर शेजारीण उपाय घेऊन येते : मार्क ट्वेनची वही. विनोदी लेखकाची असली तरी ही थट्टा नव्हे. 1873 चं रीतसर पेटंट आहे. पानांवर डिंकाचे पट्टे आधीच ओढलेले. ओला हात फिरवायचा, कात्रण दाबायचं. यामुळे देशातल्या शिव्या कमी होतील, असं खुद्द ट्वेनचं म्हणणं.

तिच्या मुलीच्या वहीत जर्मनीत छापलेली, उठावाची रंगीत चित्रं आहेत. गुलाब, मांजरं, देवदूत. गोड आहेत. तुम्ही चटकन पानं उलटता.

आता याच शहरात विल्यम हेन्री डॉर्सीच्या घरी चला. वडील गुलामगिरीतून पळून आलेले, पुढे बड्या घरच्या मेजवान्यांचे नामांकित केटरर झालेले. मुलगा चित्रकार, आणि जमवण्याचं वेड असलेला. त्याच्याही हातात कात्रीच आहे, पण तो शोधतोय कृष्णवर्णीयांच्या बातम्या : शाळा, चर्च, नाटकं, मृत्युलेख, झुंडींनी केलेले खून. गोऱ्यांच्या वर्तमानपत्रातला चार ओळींचा मजकूरही सुटत नाही. तुम्ही वाकून वाचू लागता. संपादकाने कोपऱ्यात ढकललेली एक बातमी किरकोळ वाटते. तशाच पन्नास शेजारी शेजारी आल्या की योगायोग म्हणायची सोय उरत नाही. स्वतःचं एक वाक्यही न लिहिता हा माणूस संपादकांवर मात करतोय. या छंदाची खरी चटक इथे आहे, असं मला वाटतं; देवदूतांत नव्हे.

एकदम 1976 मध्ये या. शहराजवळच्या चेनी या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या जुन्या महाविद्यालयात डॉर्सीच्या वह्या पुन्हा सापडल्या आहेत, जवळपास 400. लाकडाच्या लगद्याचा तो कागद आता ठिसूळ झालाय, हात लावू नका. रॉजर लेन हा इतिहासकार त्या चाळणार आहे. 1991 मध्ये त्यांच्या आधारे तो डॉर्सीच्या फिलाडेल्फियावर अख्खं पुस्तक लिहील.