प्याला अडतो तेव्हा

1855 साल. तुम्ही अहमदनगरच्या माळीवाडा वेशीतून आत शिरता. निझामशाहीतल्या खापरी नळांचं पाणी शहरातल्या हौदांत पडतंय. तहान लागली असेल तर थांबा, आधी जात सांगावी लागेल.

अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनच्या प्रार्थनेच्या जागी ती कुणी विचारत नाही. जोडे बाहेर काढा आणि पुरुषांच्या बाजूला बसा. शेजारचा गृहस्थ जन्मानं महार आहे, समोरचे पाळक हरिपंत खिस्ते जन्मानं ब्राह्मण. हरिपंतांनी 1839 साली बाप्तिस्मा घेतला. गेल्या वर्षी त्यांना आणि रामकृष्णपंत मोडकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणविधीच्या, वेळी प्याला एकच असतो. एकानं ओठ लावला की तोच दुसऱ्याकडे सरकतो. तुमच्या काळातल्या किती पंक्तींना हे जमलंय, ते मनात मोजून घ्या.

आज मात्र एका माणसाचा प्याला अडलाय. खेडेगावचा माणूस, पंचेचाळिशीचा, हातात पागोटं गुंडाळून उभा. भाऊबंदांच्या आग्रहाखातर मुलीचं लग्न जुन्या रीतीनं लावलं, मरीआईपुढे नारळ फोडला. मंडळीत, म्हणजे इथल्या ख्रिस्ती समाजात, कुजबुज झाली आणि प्रकरण सभेपुढे आलं. त्याची बाजू एवढीच, की नाही म्हटलं असतं तर पोरीला घर मिळालं नसतं.

तुम्हाला वाटेल, हीसुद्धा जातपंचायतच की! अगदीच चूक नाही. या शिस्तीची वंशावळ लांबची आहे. जिनिव्हात धर्मसुधारक कॅल्विननं 1541 साली पाळक आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांची सभा बसवली. ती लोकांचे संसार, नाच, जुगार, शिव्याशाप सगळं तपासायची. हाच कडवेपणा प्युरिटन पंथीयांबरोबर अमेरिकेत न्यू इंग्लंडला गेला, आणि तिथल्या मिशनऱ्यांनी 1831 मध्ये तो नगरला आणला. एकाच वेळी दोन बायका, दारू, मूर्तिपूजा, जातपात पाळणं, सगळ्याचा जाब मंडळीत द्यावा लागायचा.

पण जिनिव्हात सभेच्या पाठीशी शहराची सत्ता होती. 1553 मध्ये सर्व्हेटस या धर्मचिंतकाला त्याच्या मतांपायी तिथे जिवंत जाळलं. नगरच्या मंडळीच्या पाठीशी कोतवाल नाही, तुरुंग नाही. सरकार ईस्ट इंडिया कंपनीचं असलं तरी कुणी नारळ फोडला म्हणून ते शिपाई धाडणार नाही. मंडळी फार तर प्याला अडवील, नाव कमी करील. जातीचं वाळीत टाकणं याहून कितीतरी दांडगं: न्हावी येत नाही, सोयरीक जुळत नाही, मयताला खांदा मिळत नाही. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाऊ नये यासाठी 1850 चा कायदा आहे खरा, पण जावई मिळवून देणारा कायदा अजून कुणी केलेला नाही.

म्हणून मला हा माणूस दोषी वाटत नाही, आणि मंडळीही निव्वळ जुलमी वाटत नाही. हातात दुसरं काहीच नसलेल्या मूठभर लोकांनी आपण वेगळे आहोत हे दाखवायचं तरी कसं?

सभा निर्णय देते: तूर्त प्रभुभोजन बंद, उपासनेला येण्यास मोकळीक. मंडळीपुढे उभं राहून कबुली दिली की पुन्हा आत. जातीत परत यायला प्रायश्चित्त आणि वर जेवणावळ लागते, इथे खर्च नाही. माणूस मान डोलावतो, पण कबुली देईन असं म्हणत नाही.

पुढचा विषय पाळकाच्या पगाराचा. बोस्टनहून मिशनच्या मुख्य कचेरीचे सचिव रूफस अँडरसन नुकतेच येऊन गेलेत. इथल्या मंडळ्यांनी आपला भार आपणच उचलावा हा त्यांचा आग्रह. कोण किती वर्गणी देणार? मघाशी नारळावरून तावातावानं बोलणारे दोघं आता चटईच्या काड्या मोजतायत.