बाळाचें जागरण

दीड-दोन वर्षांचें मूल मध्यरात्रीं टक्क जागें व्हावें आणि पहाटेपर्यंत त्यानें घरांतील कोणाच्याहि डोळ्याला डोळा लागूं देऊं नये, ही गृहस्थाश्रमांतील फार जुनी तक्रार आहे. लढाया आणि तहनामे यांचा इतिहास विपुल लिहिला गेला. ह्या जागरणांचा मात्र फारसा कोणीं लिहिला नाहीं. इतिहास लिहिणारे पुरुष अशा रात्रीं बहुधा दुसऱ्या खोलींत निजत असावेत!

सुमारें चार हजार वर्षांपूर्वींची एक बाबिलोनी मातीची पट्टिका ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. रडणाऱ्या बाळास शांत करण्याचा मंत्र तीवर कोरलेला असून, तुझ्या रडण्यानें घराच्या देवतेची झोंप मोडली, अशी त्यांत बाळाकडेच तक्रार केलेली आहे. मीठ-मोहऱ्या ओंवाळून दृष्ट काढणारी आपल्याकडील आजी ह्या मंत्रकर्त्याची सख्खी बहीणच म्हणावी. अशा उपायांनीं मूल झोंपो वा न झोंपो, त्यांपासून अपाय नव्हता. आणि तेवढा वेळ कोणीतरी त्यास मांडीवर घेऊन बसे, हा त्यांतील खरा गुण होय.

दुसरा उपाय अफूचा. तोहि जुनाच, पण यंत्रयुगानें त्याचा राजमार्ग केला. इंग्लंडांतील गिरण्यांच्या गांवीं ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नांवाचें अफूमिश्रित गोड औषध मुलांस सर्रास पाजीत. एंगेल्सनें मजूरवर्गावरील आपल्या १८४५ च्या ग्रंथांत त्याचा उल्लेख केला आहे. अमेरिकेंत ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ घरोघर खपे. त्यांत मॉर्फीन होतें. परंतु १९०६ च्या कायद्यानें अशीं द्रव्यें बाटलीवर छापणें भाग पडेपर्यंत पुष्कळ मातांस त्याची वार्ताहि नव्हती.

मुंबईंतहि तेंच घडलें. १८५४ सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं येथील पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला आणि पुढें कोंकण व देश येथील हजारों कुटुंबें चाळींतून राहावयास आलीं. १८९१ च्या कायद्यानें स्त्रियांच्या कामाची मर्यादा ठरविली, ती देखील दिवसास ११ तासांची! गांवीं मूल जागें झालें तर सासू, नणंद, जाऊ यांपैकीं कोणीतरी त्यास घेई. चाळीच्या एका खोलींत मात्र सर्वांनाच सकाळीं भोंग्याच्या हांकेस ओ द्यावयाची असे. तेव्हां बाळगोळी पुढें आली. सहाणेवर उगाळून द्यावयाच्या बाळगुटीशीं तिचा घोटाळा करूं नये. ही गोळी अफूची. ती घेतलेलें मूल दिवसा रडत नसे आणि रात्रीं उठत नसे. त्याची भूक मात्र मरे, अंग वाळे आणि मात्रा चुकल्यास तें पुन्हां उठतच नसे. अफू खेड्यांतहि दिली जात होती, हें खरें. पण शहरांत ती गिरणीच्या वेळापत्रकाचा भाग झाली. अशा मातेस अडाणी म्हणून मोकळें होणें सोपें आहे. तिच्यापुढें दोनच वाटा होत्या : मुलाची झोंप विकत घेणें, किंवा मजुरी गमावणें.

म्हणूनच केवळ उपदेशानें हा प्रघात हटण्यासारखा नव्हता. शाही मजूर कमिशनच्या १९३१ च्या अहवालानें त्याची दखल घेतली. १९३४ च्या कायद्यानें कारखान्यांत पाळणाघरें काढावयास लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस मिळाला, आणि १९४८ च्या कायद्यानें ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांवर तें बंधनच घातलें. एका खोलीच्या दुःखाचें उत्तर समाजानें द्यावयाचें असतें, हें तत्त्व यांत मान्य झालें.

आम्हां सुशिक्षितांस ह्या गोळीची शिसारी येते. पण भोंग्याची सत्ता आम्हीं निराळ्या रूपानें स्वीकारली. न्यूझीलंडांत १९०७ सालीं चळवळ उभारणाऱ्या डॉ. ट्रुबी किंग यांनीं मुलास घड्याळाप्रमाणें चार-चार तासांनीं पाजावें, रात्रीं पाजूंच नये, अशी शिस्त घालून दिली. १९४६ सालीं डॉ. स्पॉक यांनीं मातांस स्वतःच्या बुद्धीवर विश्वास ठेवावयास सांगितलें, तेव्हां ती शिस्त थोडी सैल झाली.

आजचें शास्त्र सांगतें कीं, एक ते दोन वर्षांच्या मुलास दिवसाच्या झोंपेसह ११ ते १४ तास निद्रा पुरते. दुपारीं फार वेळ निजलेलें किंवा तिन्हीसांजेसच झोंपी गेलेलें मूल मध्यरात्रीं खेळावयास उठलें, तर तो हट्ट नव्हे, हिशेब आहे. दुपारची झोंप थोडी आंवरावी, निजण्याची वेळ कांहींशी पुढें न्यावी, रात्रीं दिवा मंद ठेवावा, बोलणें कमी करावें. कांहीं दिवसांत घडी बसूं लागते. पण तोंपर्यंतच्या रात्रीं कोणीं जागावयाचें, हा प्रश्न शास्त्राचा नाहीं. नवरा-बायको दोघेंहि नोकरीस जाणाऱ्या घरांत तो आज पुन्हां उभा आहे. आळीपाळीनें उठणारे दोन हात घरांत असतील, तर मुलाच्या जागरणाचें भय निम्म्यानें कमी होईल. आणि ते दुसरे हात बापाचे असावयास आमच्या मतें कांहींच हरकत नाहीं.