गरोदरपणातील व बाळंतपणानंतरची मूळव्याध

गरोदरपणात, विशेषतः अखेरच्या तीन महिन्यांत, अनेक स्त्रियांना मूळव्याधीचा त्रास प्रथमच जाणवतो. गुदद्वाराजवळील नीला फुगून त्यांचे कोंब होणे, हे या विकाराचे स्वरूप. वाढते गर्भाशय ओटीपोटातील नीलांवर दाब आणते आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे नीलांच्या भिंती सैलावतात. हेच संप्रेरक आतड्यांची हालचालही मंदावते; त्यातून मलावरोध होतो आणि कुंथावे लागले की कोंब आणखी सुजतात.

लोहाच्या गोळ्यांनीही मल कडक होतो, म्हणून काही जणी त्या परस्पर बंद करतात. हे धोक्याचे आहे. शासकीय कार्यक्रमानुसार गरोदरपणात १८० दिवस आणि प्रसूतीनंतर १८० दिवस रोज एक गोळी घ्यावयाची असते. त्रास होत असल्यास डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घेता येते.

मल मऊ राखणे हाच उपचाराचा मुख्य आधार. नाचणीची भाकरी, तांबडी भाजी, सालीसकट कडधान्ये, पेरू यांतून दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू मिळावेत आणि सोबत भरपूर पाणी असावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने इसबगोल चालते. एरंडेल मात्र घेऊ नये, कारण त्याने गर्भाशयाचे आकुंचन सुरू होऊ शकते. कमोडवर बसताना पायांखाली लहानसा पाट घेतल्यास जोर कमी लागतो. पसरट टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटे बसल्याने ठणका उतरतो. दुकानातून मलम आणून लावण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

रक्त दिसले तर ते मूळव्याधीचेच, असे गृहीत धरू नये. गरोदरपणात ते योनिमार्गातून येत असल्यास तातडीची तपासणी आवश्यक ठरते. प्रसूतीनंतर उलट घडते: नेहमीच्या स्रावात गुदद्वाराचे रक्त मिसळते, ते ध्यानात येत नाही आणि आधीच अशक्त असलेल्या बाळंतिणीचा रक्तक्षय वाढतो.

प्रसूतीच्या कळा देताना कोंब बाहेर येणे नवलाचे नाही. टाक्यांच्या भीतीने शौच रोखून धरले की दुखणे चिघळते. त्यात बाळंतिणीला पाणी बेताने आणि पालेभाजी वर्ज्य, ही काही घरांतील जुनी रीत भर घालते. डिंकाचे लाडू खुशाल द्यावेत, पण अंगावर पाजणाऱ्या आईला पाण्याची गरज एरवीपेक्षा अधिक असते, हे घरातील वडीलधाऱ्यांनी ओळखायला हवे.

बहुतेक कोंब प्रसूतीनंतर काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. म्हणूनच गरोदरपणात शस्त्रक्रिया शक्यतो टाळली जाते. अपवाद एक. अचानक निळसर, टणक गाठ येऊन असह्य वेदना सुरू झाल्यास आत रक्त गोठलेले असू शकते. अशा वेळी पहिल्या दोन-तीन दिवसांतच डॉक्टरांना दाखवावे, कारण गाठ काढून आराम देणे याच काळात अधिक उपयोगी ठरते.